सहा किलो मीठ आणि चेर्नोबिलचं लोणी

पत्र थोडं काटछाट करून देते आहे :

"ताई, आम्ही वाशीत राहतो, खाडीच्या बाजूला. गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला. परदेशात अणुभट्टी फुटली आहे, किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर निघाला आहे, पहिल्या पावसातून मुंबईवर उतरेल, चोवीस तास बाहेर पडू नका, खिडक्या लावून घ्या, गळ्याला बेटाडिन लावा, आयोडीनचं मीठ खा. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सहा किलो मीठ आणलं. माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या गळ्याला रोज रात्री बेटाडिन लावतात, त्याला खाली खेळायला सोडत नाहीत. मासळी बंद. आगोटीला एप्रिलमध्ये भरलेले सुके बोंबील आणि सुकटसुद्धा पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलंय. मी थायरॉईडची गोळी घेते, तर म्हणतात, तुला दुप्पट जपायला हवं. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, 'चेर्नोबिलचं लोणी आलं तेव्हाही काही नाही, काही नाही, असंच सांगितलं होतं. हा तेव्हा दीड वर्षाचा होता.' मला या लोण्याबद्दल काहीच माहीत नाही. आणि खरं सांगू का, रात्री मलाही भीती वाटते. खिडकीतून समोर भाभा अणुसंशोधन केंद्राची ट्रॉम्बेची टेकडी दिसते. मी काय करू?"

आधी मुलाचा गळा. आज रात्रीपासून बेटाडिन बंद करा. ते जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध आहे. गळ्यावर चोळून आतल्या थायरॉईड ग्रंथीचं कसलंही रक्षण होत नाही, उलट रोज लावलं तर त्वचा चरचरते आणि थोडं आयोडीन कातडीतून विनाकारण अंगात जातं. ते पोटात तर कधीच जाता कामा नये. तुमची थायरॉईडची गोळी आहे तशी चालू ठेवा. ती हार्मोनची गोळी आहे, आयोडीनची नाही, आणि तिचा या सगळ्याशी संबंध नाही. ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने जादा आयोडीन घेऊच नये, कारण आधीच हळवी झालेली ग्रंथी त्याने आणखी बिघडू शकते. काही शंका असेल तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आता या आयोडीनच्या गोष्टीत तथ्य काय आहे ते सांगते, कारण तथ्य आहे. अणुभट्टी फुटली की जे बाहेर पडतं त्यात किरणोत्सारी आयोडीन असतं, आयोडीन-१३१. थायरॉईडला चांगलं-वाईट आयोडीन वेगळं कळत नाही, जे मिळेल ते ती ओढून घेते. म्हणून भट्टीच्या जवळच्या लोकांना आधीच साध्या आयोडीनची मोठी गोळी देतात. पनवेलहून लोकल खच्चून भरून आली की वाशीला दारात लटकायलाही जागा नसते, तसं. डबा आधी चांगल्या आयोडीनने भरायचा, म्हणजे वाईटाला चढता येत नाही. यात वेळेला महत्त्व आहे. गोळी संपर्काच्या जरा आधी किंवा लगेच नंतरच घ्यायची, तीही सरकारी यंत्रणेने सांगितल्यावर. आठ दिवस रोज थोडं थोडं घेऊन काही उपयोग होत नाही.

आणि मिठाचं गणित करू या, सासूबाईंसमोरच करा. मोठ्या माणसासाठीची पोटॅशियम आयोडाइडची गोळी १३० मिलिग्रॅमची असते, त्यात साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन. मिठाच्या पाकिटावर बारीक अक्षरात आयोडीनचं प्रमाण लिहिलेलं असतं, किमान १५ पीपीएम, म्हणजे एका किलोत १५ मिलिग्रॅम. एका गोळीची बरोबरी करायला साडेसहा किलो मीठ एका बैठकीत खावं लागेल. त्यांनी सहा आणलंय, म्हणजे अर्धा किलो कमीच पडलं. माणूस किरणोत्सर्गाच्या कितीतरी आधी मिठानेच जाईल.

हसण्यावारी नेऊ नका मात्र. याच मिठाने देशच्या देश वेडे केलेत. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्ट्या वितळल्या तेव्हा चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं मीठ उचलून नेलं, आणि भीती ओसरल्यावर पोती परत द्यायला रांगा लागल्या. २०२३ मध्ये फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायची वेळ आली तेव्हा दक्षिण कोरियात मिठाचे भाव चढले, चीनमध्ये पुन्हा तेच झालं. तुमच्या सासूबाई त्या रांगेतल्या शेवटच्या नव्हेत.

तुमच्याकडे आलेला मेसेजही माझ्या ओळखीचा निघाला. २०११ च्या मार्चमध्ये, फोनवर एसएमएस यायचे त्या काळात, हाच मजकूर बीबीसीच्या नावाने आशियाभर फिरला होता. चोवीस तास आत राहा, दारं-खिडक्या लावा, गळ्याला बेटाडिन लावा, पावसात जाऊ नका. बीबीसीने आम्ही असलं काही दिलेलं नाही म्हणून सांगितलं, तरी तो फिरतच राहिला. तुमच्या मेसेजात देशाचं नाव नाही, भट्टीचं नाव नाही, तारीख नाही. नसणारच. तारीख घातली की असा मेसेज नासतो, बिनतारखेचा वर्षानुवर्षं टिकतो.

मी तीस वर्षं एका रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात काम केलं. छातीला बॅज लावून. त्या बॅजमध्ये तीन छोट्या चकत्या असतात, अंगावर किती किरणं पडली ते त्या साठवून ठेवतात, आणि दर तीन महिन्यांनी तो मोजायला पाठवायचा असतो. म्हणजे किरणं मोजण्यातच माझी सारी नोकरी सरली. तर २०११ मध्ये तो एसएमएस आला त्या संध्याकाळी मी काय केलं असेल? गच्चीवर पोह्याचे पापड वाळत होते, ते आत आणले. मार्च महिना, आभाळात ढगाचा तुकडा नाही, जपान साडेसहा हजार किलोमीटरच्याही पलीकडे. सगळं कळत होतं आणि मी जिना चढून पापड आत आणले. त्यामुळे रात्री भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही.

पण पापडावरून एक गोष्ट नीट कळते. पापड उन्हात वाळवला म्हणून पापडातून ऊन येत नाही. पण वाळताना त्याच्यावर धूळ बसली, तर ती धूळ तळल्यावर पोटात जाते. किरणोत्सर्गाचंही असंच आहे. एखाद्या वस्तूवर किरणं पडणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ त्या वस्तूवर बसणं वेगळं. तुमच्या वाशीतच कोबाल्ट-६० च्या किरणांचा मारा करून मसाले निर्जंतुक करणारं सरकारी केंद्र २००० सालापासून आहे, आणि अमेरिकेला जाणारा हापूस असाच किरणांखालून काढावा लागतो, नाहीतर तिकडे उतरवून घेत नाहीत. त्या मसाल्यात किंवा आंब्यात किरणं राहत नाहीत. उन्हातला पापड. अणुभट्टीच्या अपघातात मात्र भीती असते ती धुळीची, वाऱ्याने वाहणाऱ्या, पावसाने खाली येणाऱ्या, गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलात उतरणाऱ्या धुळीची.

म्हणजे सासूबाईंचा पावसावरचा संशय अगदीच निराधार आहे का? नाही. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, आजच्या युक्रेनमधल्या चेर्नोबिलची भट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली, तेव्हा सोव्हिएत सरकार गप्प बसलं. जगाला कळलं ते दोन दिवसांनी आणि भलतीकडूनच. स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरच्या धुळीने तपासणीचं यंत्र वाजलं. आधी त्यांना वाटलं आपल्याच भट्टीत गळती झाली. शोधता शोधता कळलं, ही धूळ अकराशे किलोमीटरवरून आली आहे. पुढे ढग जिथे गेला आणि नेमका पाऊस जिथे पडला, तिथे ती धूळ जास्त बसली. दोन हजार किलोमीटरहून लांब वेल्सच्या डोंगरांवर मेंढ्या विकण्यावर बंधनं आली आणि शेवटची उठली ती २०१२ मध्ये. सव्वीस वर्षं.

हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. लिहिते कारण "इतक्या लांबून काही येत नाही" हे वाक्य सासूबाईंना सांगाल तर त्या ते खोटं ठरवतील, आणि बरोबर ठरतील. येतं. फुकुशिमाच्या वेळी दोनेक आठवड्यांत सगळ्या उत्तर गोलार्धात त्याचे कण यंत्रांना सापडले होते. प्रश्न येतं का हा नाहीच, किती येतं हा आहे. ही यंत्रं इतकी संवेदनशील असतात की एका बुटाच्या तळव्यावरचीही धूळ त्यांना कळते. सापडणं आणि अपाय होण्याइतकं असणं यांत ठाणे-टोकियोइतकं अंतर आहे. फुकुशिमानंतर भारतात जागोजागी बसवलेल्या यंत्रांच्या नेहमीच्या मोजणीत काही वाढ दिसली नाही. शिवाय आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, सोळा दिवसांत पाव, ऐंशी दिवसांनी हजारातला एक भागही उरत नाही. वारा जितका भटकतो तितकं ते वाटेतच मरतं. सीझियम-१३७ मात्र चिवट असतं, त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. वेल्सच्या मेंढ्यांना नडलं ते हेच.

"किती" हे आकड्यात कळावं म्हणून थोडी मापं देते. मोजायचं एकक मिलिसिव्हर्ट. जगातल्या सरासरी माणसाला जमिनीतून, हवेतून, अन्नातून आणि आकाशातून वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, कुठलाही अपघात न होता. छातीचा एक एक्स-रे फार तर ०.१. आम्हा बॅजवाल्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यातही किंचित युरेनियम-थोरियम असतं. आणि तुमच्या-माझ्या अंगातल्या पोटॅशियममुळे, जे केळ्यात, बटाट्यात, शहाळ्यात सगळीकडे असतं, आपल्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. सासूबाईंच्याही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला माझ्याच हाताकडे बघत बसावंसं वाटलं होतं.

मासळीचं थोडक्यात : सुकट एप्रिलची आहे आणि मेसेज आला गेल्या आठवड्यात, तेव्हा त्यातला अपघात खरा आणि ताजा मानला तरी त्या सुकटीने त्याची हवासुद्धा पाहिलेली नाही. जूनमध्ये गॅलरीत ठेवाल तर मात्र ओल लागून अळ्या होतील, ती खरी नासाडी. आत घ्या.

आता लोणी. इथे मला वाटतं तुमच्या घरातला खरा प्रश्न आहे, मेसेज निमित्त आहे.

चेर्नोबिलनंतर युरोपातल्या दुधदुभत्यात किरणोत्सारी धूळ आली. त्याच सुमाराला युरोपीय समुदायाकडून दुग्धविकास योजनेला मदत म्हणून भारतात लोणी येत होतं, त्यात आयर्लंडचंही होतं. मुंबईत गदारोळ झाला, हे लोणी आपल्या पोरांना का म्हणून, असं म्हणत लोक न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं की अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेखालचं असेल तर ते खायला निर्धोक आहे. १९८८ मध्ये तो विषय संपला. कागदावर संपला. मला ते दिवस आठवतात. आमच्या चाळीत दुधाच्या पिशवीकडेसुद्धा बायका संशयाने बघायच्या. निकाल वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून आला असेल, पण भीती पहिल्या पानावर आली होती.

तुमच्या सासूबाईंच्या जागी बसून बघा. कडेवर दीड वर्षाचं मूल. किरणं दिसत नाहीत, वास नाही, चव नाही. सोव्हिएत सरकारने आधीच एकदा लपवलेलं. तिथे बेलारूस-युक्रेनमधल्या मुलांनी काही दिवस ते दूध प्यायलं, कारण त्यांच्या आयांना कोणी सांगितलंच नाही. तेव्हा लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून जास्त जणांना २००५ पर्यंत थायरॉईडचा कर्करोग झाला. बहुतेक जण उपचाराने वाचले, पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण गवत-गाय-दूध हेच असावं. आणि इथे कोणी तरी साहेब म्हणतो, काही नाही. त्या बाईने विश्वास का ठेवावा? लोण्याबाबत ते "काही नाही" खरं होतं, असं माझं मत आहे. पण "किती आहे आणि किती चालतं" हे त्यांना कोणी बसून सांगितलं नाही. आज तुमचे यजमान "दुर्लक्ष कर" म्हणतात, तेही तेच "काही नाही" आहे. तो दीड वर्षाचा मुलगा तोच ना? त्यालाच सांगा आईशेजारी बसायला. तुम्ही सून, तुमच्या तोंडून ते वादासारखं वाटेल.

त्यांना उलटे मेसेज पाठवू नका. एका फॉरवर्डला दुसरा फॉरवर्ड हे उत्तर नव्हे, त्याने फक्त ग्रुप पेटतो. मिठाचं पाकीट आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. मेसेजमध्ये देश कुठला लिहिलाय ते त्यांनाच शोधायला सांगा. खरोखर कुठे भट्टी फुटली तर आता बूट वाजायची वाट बघावी लागत नाही. देशोदेशीची मोजणी केंद्रं चोवीस तास चालू असतात, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला कळवावं लागतं, बातमी नावानिशी येते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचं कार्यालय तर खाडीपलीकडे अणुशक्तीनगरला आहे.

टेकडीबद्दलही बोलते, नाहीतर मीसुद्धा "काही नाही" म्हणणाऱ्यांतली होईन. ट्रॉम्बेला १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली, १९८५ मध्ये ध्रुव. या संशोधनाच्या भट्ट्या आहेत, वीज तयार करणाऱ्या केंद्रांपेक्षा पुष्कळ लहान. वीज करणारं केंद्र तारापूरला, १९६९ पासून, ठाण्याहून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. धोका शून्य आहे असं मी लिहिणार नाही, तसं कुठल्याच कारखान्याबद्दल लिहिता येत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्री कधी तरी नाकाला झोंबणारा वास येतो तेव्हा तुम्ही काय करता? आत येता, खिडक्या लावता. अणुअपघात जवळ झाला तर पहिले काही तास तेच करायचं : पक्क्या घरात थांबायचं, खिडक्या-पंखे-एसी बंद, बाहेरून आलेल्याने कपडे दारातच उतरवून आंघोळ करायची, उघड्यावरचं अन्न-पाणी टाळायचं आणि प्रशासन काय सांगतं ते ऐकायचं. पळत सुटायचं नाही. फुकुशिमात किरणोत्सर्गामुळे सामान्य रहिवाशांच्या तब्येतीवर परिणाम झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीला आढळलं नाही. पण घाईने हलवताना आणि त्यानंतरच्या निर्वासित आयुष्यात त्या प्रांतात दोन हजारांहून जास्त माणसं दगावली, त्यात म्हातारी माणसं फार. रुग्णालयांतून, वृद्धाश्रमांतून उचलून तासन्‌तास बसमध्ये बसवलेली.

तुमच्या मुलाला खाली खेळायला सोडा. भिजला तर सर्दी होईल, टॉवेलने डोकं पुसा. बेटाडिनची बाटली फेकू नका, गुडघे फुटायचे दिवस आहेत त्याचे, वरची तारीख बघून औषधाच्या डब्यात ठेवा. सहा किलो मिठाला कैरी शोधा. बाजारात शेवटच्या कैऱ्या अजून मिळतील, लोणच्याला मीठ लागतंच. सासूबाईंनाच करू द्या, त्यांच्या हाताला काम लागेल आणि बरणी भरता भरता त्या बोलतीलही. तेव्हा एक विचारून मला नक्की कळवा : १९८७ मध्ये घरात आलेल्या त्या लोण्याचं त्यांनी शेवटी केलं काय?